'ध'चा 'मा' आनंदीबाईंनीच केला का? हस्ताक्षर तज्ज्ञाच्या नजरेतून एका बदनाम पेशवीणबाईंची गोष्ट

कुणी दिलेला निरोप फिरवला, करारातला एखादा शब्द हळूच बदलला, बातमीचा अर्थच उलटा केला, की मराठी माणूस लगेच म्हणतो, 'ध'चा 'मा' केला. हा वाक्प्रचार वापरणाऱ्या बहुतेकांना त्यामागची गोष्टही माहीत असते. राघोबादादांनी पुतण्याला धरण्याचा हुकूम लिहिला, आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं आणि शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला.

गोष्ट इतकी पक्की बसली आहे की ती एका कागदाबद्दल आहे हेच आपण विसरतो. एक कागद, त्यातला एक शब्द, त्या शब्दात झालेली खाडाखोड आणि ती करणारा हात. आज असं प्रकरण पोलिसांत गेलं तर त्याला 'वादग्रस्त दस्तऐवज' म्हणतात आणि तो तपासायला हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जातो. महाराष्ट्रात हे काम राज्य सीआयडीच्या हस्ताक्षर परीक्षकांकडे असतं, आणि सीआयडीचं मुख्यालय पुण्यातच आहे, शनिवारवाड्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर.

मग हे प्रकरण त्यांच्या टेबलावर गेलं असतं तर काय झालं असतं? त्याआधी आनंदीबाई कोण होत्या ते पाहू, कारण त्यांची ओळख बहुतेकांसाठी त्या एका अक्षरापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते.

कोकणातल्या ओकांची मुलगी

आनंदीबाईंचं माहेर कोकणातलं, गुहागरकडच्या ओक घराण्यातलं. १७५६ च्या डिसेंबरात त्यांचं लग्न रघुनाथराव पेशव्यांशी झालं, तेव्हा त्या लहान होत्या. रघुनाथराव म्हणजे थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव आणि नानासाहेब पेशव्यांचे धाकटे भाऊ. त्यांची पहिली बायको जानकीबाई आदल्याच वर्षी वारली होती. नवरा तेव्हा बावीस वर्षांचा, आणि दीड-दोन वर्षांतच उत्तरेत लाहोर-अटकेपर्यंत मजल मारून आलेला सरदार म्हणून त्याचं नाव गाजणार होतं.

म्हणजे लग्न झालं ते दौलतीतल्या एका मोठ्या माणसाशी. पण पुढची पाच वर्षं सगळंच उलटंपालटं करणारी ठरली. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं. जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. पेशवाईची वस्त्रं मिळाली त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला, माधवरावांना. राघोबादादा वयानं मोठे, अनुभवानं मोठे, आणि पदानं मात्र पुतण्याच्या हाताखाली. इथून काका-पुतण्याचं जे सुरू झालं ते अधूनमधून लढाईवरच गेलं. १७६८ मध्ये नाशिककडच्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यात आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

आनंदीबाईंच्या तरुणपणाची बरीच वर्षं अशी गेली. नवरा कधी फौजेचा सेनापती, कधी कैदी. हाताशी स्वतःचा मुलगा नव्हता, म्हणून राघोबांनी अमृतरावांना दत्तक घेतलं होतं. वाड्यात राहायचं, पण वाडा आपला नाही. त्यांना सत्तेची हाव होती असं बखरींपासून नाटकांपर्यंत सगळेच सांगतात. असेलही. पण त्या वाड्यात सत्तेची हाव नसलेलं माणूस शोधणं जास्त अवघड गेलं असतं.

३० ऑगस्ट १७७३

१८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयानं गेले. त्यांच्या जागी आले त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव. वय सतरा. काकांशी सुरुवातीला बरं चाललं, मग बिनसलं, आणि राघोबादादा पुन्हा पहाऱ्यात गेले.

वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते. गारदी म्हणजे पगारावर ठेवलेलं कवायती पायदळ. त्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद यूसुफ हे त्यांचे म्होरके. राघोबांच्या माणसांनी, त्यातही तुळाजी पवारानं, त्यांच्याशी संधान बांधलं. गणेशोत्सवाचे दिवस होते. ३० ऑगस्टच्या दुपारी गारदी पगाराचा दंगा करत वाड्यात घुसले. नारायणराव जीव वाचवायला काकांच्या दालनात धावले, तिथेच त्यांना मारलं गेलं. त्यांना वाचवायला मध्ये पडलेला त्यांचा सेवक चाफाजी टिळेकरही मारला गेला. वाड्यात त्या दिवशी आणखीही मुडदे पडले.

राघोबादादा पेशवे झाले. पण चौकशी थांबली नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी तपास केला, राघोबांवर दोष ठेवला आणि पुणं सोडलं, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. तपासात कटात सामील म्हणून राघोबांखेरीज ४९ जणांची नावं निघाली. गारदी होते, ब्राह्मण होते, प्रभू आणि मराठेही होते. म्हणजे कट चांगला मोठा होता. लोकांच्या लक्षात मात्र त्यातली एकच व्यक्ती राहिली, आणि ती एका अक्षरामुळे.

कागदाची गोष्ट आली कुठून?

राघोबांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला होता, त्यात धरण्याची आज्ञा होती, ती पुढे मारण्याची झाली आणि ही करामत आनंदीबाईंनी केली असं सर्वत्र मानलं जातं, असा वृत्तांत ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. डफ हा साताऱ्यात राहिलेला इंग्रज अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर त्याला भरपूर कागद पाहायला मिळाले आणि जुन्या माणसांशी बोलताही आलं. पण त्याचं पुस्तक आलं १८२६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी. आणि खाडाखोडीबाबत त्यानं आनंदीबाईंचं नाव घेतलं तेही लोकांची समजूत म्हणून.

पुढे गोष्टीला रंगभूमीनं आणखी बळ दिलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये आलं. १९४४ मध्ये पुण्याच्याच प्रभात कंपनीनं 'रामशास्त्री' हा चित्रपट काढला. आनंदीबाई घराघरात पोहोचल्या त्या अशा.

मूळ कागद मात्र आजवर कुणी दाखवलेला नाही.

परीक्षकाचा पहिला प्रश्न: मूळ प्रत कुठे आहे?

हस्ताक्षर तपासणीचं काम सुरूच होतं ते मूळ कागदापासून. झेरॉक्स किंवा फोटोवरून अक्षराचं वळण साधारण कळतं, पण शाई कागदात किती मुरली, एका रेघेवरून दुसरी रेघ कधी गेली, कुठे खरवडलंय, हे मूळ कागदावरच दिसतं. इथे मूळ नाही, नक्कल नाही, फक्त कागद होता असं सांगणारी माणसं आहेत. आजचा परीक्षक ही फाईल पहिल्याच दिवशी परत पाठवेल.

पण समजा, पुण्याच्या पेशवे दफ्तरात तो उद्या सापडला. तिथे मोडीतले कोट्यवधी कागद आहेत आणि त्यातले सगळे काही वाचून झालेले नाहीत. मग काय करायचं?

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकावी लागेल. आपण 'धरावे' आणि 'मारावे' हे शब्द देवनागरीत डोळ्यांसमोर आणतो. असा हुकूम लिहिला गेला असेल तर तो मोडीत असणार. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी शिरोरेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली बोरूनं, हात शक्य तितका कमी उचलत, अक्षरं लिहीत जात. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेदही पाळत नसत. कारकुनाला वेगानं लिहिता यावं यासाठी ही लिपी होती, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं.

आता बदल मोजू. म्हण सांगते एक अक्षर बदललं. प्रत्यक्षात कामं दोन आहेत. 'ध'चा 'म' करायचा आणि वर काना द्यायचा. काना म्हणजे एक जादा रेघ, आणि तिला जागा लागते. मोडीत शब्द एकमेकांना लागून, आधीच्या नावाचं शेवटचं अक्षर 'ध'ला चिकटलेलं, पुढे लगेच 'रा'. एवढ्या दाटीत काना घुसवला तर दोन अक्षरांमधलं अंतर त्या ओळीतल्या बाकीच्या अंतरांपेक्षा कमी भरेल. शिवाय मोडीत काना बहुधा अक्षराच्या ओघातच, हात न उचलता येतो. मागाहून दिलेला काना सुटा पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली बोरू कुठे टेकला आणि कुठे उचलला हे दिसतं. त्याच कागदावर त्याच लेखकानं लिहिलेले इतर 'मा' शेजारी ठेवले की फरक आणखी स्पष्ट होतो.

शाई काय सांगेल, काय नाही सांगणार

इथे एक गंमत आहे. आजच्या प्रयोगशाळांचं लाडकं हत्यार म्हणजे अवरक्त प्रकाश. चेकवर कुणी १ च्या पुढे शून्य वाढवलं असेल, तर डोळ्यांना दोन्ही शाया सारख्याच निळ्या दिसतात, पण अवरक्त प्रकाशात एक गायब होते आणि दुसरी तशीच राहते. प्रकरण तिथेच मिटतं.

पेशवाईतल्या कागदांवर हे चालणं कठीण. आपल्याकडची जुनी शाई काजळीची, म्हणजे कार्बनची. कार्बन अवरक्त प्रकाश शोषतो, त्यामुळे तो काळा तो काळाच राहतो. सकाळी एका दौतीतून लिहिलेलं आणि संध्याकाळी दुसरीतून दुरुस्त केलेलं, दोन्ही सारखंच दिसण्याची शक्यता जास्त. बॉलपेनच्या दाबानं खालच्या पानावर उमटणारे खड्डेही बोरूकडून फारसे मिळायचे नाहीत.

पण काजळीची शाई एका बाबतीत चुगलखोर आहे. हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत घोटलेला असे, म्हणून शाई आत फार न मुरता वरच बसते. ओल्या बोटानं ती पुसता येते, चाकूनं खरवडता येते. म्हणजे 'ध' काढणं सोपं. मात्र पुसताना घोटाई जाते, खरवडताना कागदाचे तंतू उठतात. दिवा कागदाच्या बाजूला, अगदी आडवा धरला की तेवढा डाग खरबरीत दिसतो. उलट्या बाजूनं प्रकाश टाकला तर कागद पातळ झालेली जागा उजळते. त्या खरबरीत जागेवर पुन्हा लिहिलेली शाई किंचित फुटते. अडीचशे वर्षांनीही हे दिसू शकतं.

तेव्हाच्या दफ्तरी कामालाही बनवाबनवीची भीती होतीच. मजकूर संपला की मोर्तबाचा शिक्का उठवत, म्हणजे त्यापुढे कुणी ओळ वाढवू नये. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असे, त्या जोडावरही खूण करत, मधला तुकडा बदलू नये म्हणून. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आजही वापरतो. पण मोर्तब शेवटाची राखण करतं. ओळीच्या पोटातल्या एका शब्दाची नाही. आणि कैदेतल्या माणसानं गुपचूप दिलेल्या हुकमावर शिक्के होते की नाही, कोण जाणे.

बदल झाला हे कळलं, तरी हात कुणाचा?

म्हणीनं सगळ्यात मोठा घोटाळा इथे केला आहे. कागदात बदल झाला का, हा एक प्रश्न. तो कुणी केला, हा वेगळाच. पहिल्याचं उत्तर एका अक्षरावरून मिळू शकतं. दुसऱ्याचं जवळपास कधीच नाही.

हस्ताक्षर ओळखायचं म्हणजे माणसाच्या सवयी ओळखायच्या. अक्षरांची उंची, तिरकेपणा, जोडण्याची रीत, रेघेचा वेग, कुठे दाब वाढतो. एकच माणूस दोनदा अगदी तंतोतंत सारखं लिहीत नाही, म्हणून त्याचं स्वतःचं अक्षर किती मागेपुढे होतं हे पाहायलाही बरेच नमुने लागतात. साधारण त्याच काळातले, त्याच लिपीतले, त्याच तऱ्हेच्या लेखणीनं लिहिलेले. (अक्षरावरून स्वभाव सांगणारे लोक वेगळे. त्यांचा या शास्त्राशी संबंध नाही.) आनंदीबाईंच्या हातचे खात्रीचे मोडी नमुने समोर ठेवले, तरी जुळवायला एक 'म' आणि एक काना. तोही दुसऱ्याच्या अक्षरावर बसवलेला, दुसऱ्याचं वळण गिरवत. कुठलाही प्रामाणिक परीक्षक यावर मत देता येत नाही असंच लिहील.

मत दिल्यावर काय होतं याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्रान्समधलं आहे. १८९४ मध्ये हेरगिरीच्या एका चिठ्ठीवरून कॅप्टन ड्रेफस यांना धरलं. आल्फोन्स बर्टियों या नावाजलेल्या पोलीस तज्ज्ञानं अक्षर त्यांचंच ठरवलं. जुळत नव्हती ती अक्षरं मुद्दाम बदलून लिहिली असंही सांगितलं. ड्रेफस वर्षानुवर्षं सैतानाच्या बेटावर सडले. चिठ्ठी एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याची निघाली.

आपल्याकडे न्यायालयं म्हणूनच जपून असतात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ नं हस्ताक्षर तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरलं, कलम ७३ नं न्यायाधीशाला स्वतः अक्षरं ताडून पाहायची मुभा दिली. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये मुरारीलाल खटल्यात सांगितलं की असं मत केवळ दुजोरा नाही म्हणून फेकून देता येणार नाही, पण हे शास्त्र बोटांच्या ठशांइतकं पक्कं नाही, तेव्हा सावध राहा.

राहिला कागदाच्या प्रवासाचा मुद्दा. तो कुणाकुणाच्या हातून गेला? लिहिला राघोबांनी किंवा त्यांच्या कारकुनानं. नेला मधल्या माणसानं. ठेवला गारद्यांनी. आता प्रत्येकाचा फायदा पाहा. खुनानंतर पकडले गेलो तर मारण्याचा लेखी हुकूम होता हे दाखवणं गारद्यांच्या सोयीचं. आपण फक्त धरायला सांगितलं होतं, हे राघोबांच्या सोयीचं. शब्द बायकोनं बदलला ही गोष्ट खरी धरली, तर खुनाचा मोठा वाटा नवऱ्याच्या डोक्यावरून उतरतो. ज्या गोष्टीनं आनंदीबाईंना खलनायिका केलं, तिनंच राघोबादादांना थोडं सोडवलं. हे लक्षात घेतल्यावर वाक्प्रचार वापरताना जीभ जरा अडखळायला हरकत नाही. यानं आनंदीबाई कटाबाहेर होत्या असं सिद्ध होत नाही. वाड्यात इतकं शिजत असताना त्यांना काहीच ठाऊक नसेल, हे पटायला कठीणच आहे. पण कट माहीत असणं वेगळं आणि अक्षर बदलणं वेगळं.

त्यानंतरची वीस वर्षं

म्हण ३० ऑगस्टला थांबते. आनंदीबाई पुढे वीस वर्षांहून अधिक जगल्या.

राघोबांची पेशवाई काही महिनेच टिकली. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आदींनी बारभाईंचं कारस्थान उभं केलं. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर तिला मुलगा झाला, आणि तोच सवाई माधवराव म्हणून पेशवा ठरला. राघोबादादा पळत सुटले. आनंदीबाईही तेव्हा गरोदर होत्या. त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवून नवरा गुजरातकडे गेला. १० जानेवारी १७७५ ला धारला त्यांना मुलगा झाला. हाच पुढचा दुसरा बाजीराव. त्याच्या जन्मानंतर दोनच महिन्यांत, ६ मार्चला, राघोबांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटलं.

ते युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहानं संपलं. राघोबांना पेन्शन घेऊन गोदाकाठी कोपरगावला राहावं लागलं. ११ डिसेंबर १७८३ ला ते तिथेच वारले. आनंदीबाई पुन्हा गरोदर होत्या. ३० मार्च १७८४ ला, बाप गेल्यावर साडेतीन महिन्यांनी, चिमाजी आप्पांचा जन्म झाला.

एक विधवा, पदरात लहान मुलं, आणि पुण्यात नाना फडणवीसांचा अंमल. राघोबांचा वंश मोकळा सोडणं नानांना परवडणारं नव्हतं. कोपरगावहून आनंदीबाईंना मुलांसह नाशिकजवळच्या आनंदवल्लीला हलवलं. तिथे गोदावरीच्या काठी राघोबांनी पूर्वी वाडा बांधला होता, आणि गावाला नाव आनंदीबाईंवरूनच पडलं असं सांगतात. आज हा भाग नाशिक शहरातच, गंगापूर रोडला आहे. स्वतःच्या नावाच्या गावात नजरकैद, असं त्यांचं अखेरचं आयुष्य गेलं. १७९४ मध्ये आनंदवल्लीलाच त्या वारल्या. कुठल्याही न्यायासनानं त्या अक्षराबद्दल त्यांना शिक्षा सांगितलेली नव्हती.

त्यांच्या मागे मुलांची रवानगी जुन्नरला, शिवनेरीच्या बंदोबस्तात झाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. वर्षभराच्या ओढाताणीनंतर, १७९६ च्या डिसेंबरात, आनंदीबाईंचा मुलगा पेशवा झाला आणि राहायला त्याच वाड्यात आला.